रंग नंतर बघा, आधी गंधक कुठून आला ते विचारा

प्रश्न : गेली तीन वर्षं मी चांदीची जुनी नाणी जमवतो आहे. मागच्या आठवड्यात १८८१ साली सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीत पाडलेला एक मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचं चांदीचं जुनं नाणं, घेतला. दोन्ही बाजूंना रंगच रंग आहेत. गडद निळा, जांभळा, गुलबक्षी, मधेच हिरवा. त्याच सालच्या साध्या पांढऱ्या नाण्याच्या तिप्पट किंमत मोजली. ‘वर्षानुवर्षं थैलीत पडून चढलेला नैसर्गिक रंग आहे,’ असं विक्रेता म्हणाला. घरी भिंगाखाली पाहिलं तर नाण्यावरच्या लिबर्टीच्या (स्वातंत्र्यदेवतेच्या) गालावर बारीक समांतर रेषा दिसल्या आणि रंग त्या रेषांच्या आतही तसाच आहे. काही ठिकाणी निळा डाग एकदम संपतो आणि लगेच पांढरी चांदी सुरू होते. एक मित्र म्हणतो रंगवलेलं आहे, दुसरा म्हणतो असं नाणं सोडू नकोस. परत करायला अजून पाच दिवस आहेत. आणखी एक, मामांनी त्यांचा पुठ्ठ्याचा जुना अल्बम मला दिला आहे. त्यातली चांदीची नाणी कडेने पिवळट-तांबूस, मळकट दिसतात. ती कशाने स्वच्छ करू?

उत्तर : तुमच्या पत्राची शेवटची ओळ वाचली आणि सगळं बाजूला ठेवून आधी हे लिहावंसं वाटलं : मामांच्या नाण्यांना काहीही लावू नका. पावडर नाही, पॉलिशचं कापड नाही, बुडवून उजळ करायचं द्रावण नाही, सोडा नाही. नुसत्या बोटानेही पुसू नका. का, ते पुढे सांगतो. पाच दिवसांचा प्रश्न आधी संपवू.

डॉलर परत करा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण नुसतं माझं मत घेऊन तुमचा उपयोग नाही, कारण असं दुसरं नाणं तुमच्यासमोर येणारच आहे. म्हणून मी या मतापर्यंत कसा आलो ते नीट सांगतो.

चांदीवरचा हा रंग म्हणजे रंगद्रव्य नव्हे. हवेत, कागदात, कापडात थोडा गंधक असतो. त्याची संयुगं ओल असताना चांदीला भिडतात आणि पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. नुसत्या ऑक्सिजनने चांदी अशी काळवंडत नाही, काम गंधकाचंच. थर इतका पातळ असतो की तो नॅनोमीटरमध्ये मोजावा लागतो, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. काही प्रकाश या थराच्या वरच्या पृष्ठावरून परततो, काही थरातून आत जाऊन खालच्या धातूवरून परततो. दोन्ही परतलेले किरण एकमेकांत मिसळतात तेव्हा काही रंग मरतात आणि काही उठून दिसतात. साबणाच्या फुग्यावर किंवा पाण्यावर सांडलेल्या तेलावर दिसतात ते रंग याच जातीचे. म्हणजे नाण्यावर जो रंग दिसतो तो खरं तर त्या जागी थर किती जाड आहे याचं माप आहे.

हे एकदा मनात बसलं की रंगांचा क्रमही समजतो. थर धरायला लागला की आधी फिकट सोनेरी छटा येते. ती गडद होत तांबूस होते, मग गुलबक्षी-जांभळी, मग गडद निळी, मग आकाशी. थर आणखी वाढला तर दुसरी फेरी सुरू होते : पुन्हा पिवळा, पुन्हा गुलबक्षी, आणि त्याच्या आसपास हिरवा. त्यापुढे रंग मंदावत जातात आणि शेवटी राखाडी-काळा उरतो. चांगला हिरवा दिसतो तिथे थराने बराच प्रवास केलेला असतो.

आता तुमच्या नाण्याकडे या. तुम्ही लिहिलंय की निळा डाग एकदम संपतो आणि लगेच पांढरी चांदी सुरू होते. निळा म्हणजे बऱ्यापैकी जाड थर, पांढरी म्हणजे थर जवळजवळ नाहीच. हळूहळू गंधक खात गेलेल्या चांदीवर या दोन्हींच्या मधे सोनेरी आणि तांबूस पट्टा असायला हवा, मग तो केसाएवढा अरुंद का असेना. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि ती सीमारेषा कडेकडेने फिरून पाहा. पट्टा सापडला तर ती एक बाजू नाण्याची झाली. नाही सापडला तर तिथे काहीतरी ओलं सांडून सुकलं होतं, असं समजायला जागा आहे. सीमारेषेचा आकारही बघा. थैलीतल्या नाण्यावर दुसरं नाणं चढून बसलेलं असतं, तेव्हा झाकलेला भाग पांढरा राहतो आणि उघड्या भागाला रंग येतो. पण त्या वेळी सीमा गोलाईची असते, नाण्याच्या कडेशी जुळणारी, चंद्रकोरीसारखी. पाणी सुकल्यावर फरशीवर जशी वेडीवाकडी रेघ राहते तशी सीमा असेल तर ती थैलीने केलेली नव्हे.

थैलीची गोष्ट विक्रेत्याने काढली आहे, तर ती पूर्ण तपासू. ती गोष्ट मुळात खोटी नाही. मॉर्गन डॉलर १८७८ ते १९०४ आणि नंतर १९२१ साली मोठ्या संख्येने पाडले गेले. लोकांना ही जड नाणी खिशात नको असायची, म्हणून त्यांतली कितीतरी कापडी थैल्यांत भरून तिजोऱ्यांत पडून राहिली. एका थैलीत १,००० नाणी, वजन जवळपास २७ किलो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी ट्रेझरीतून, म्हणजे सरकारी खजिन्यातून, त्या थैल्या मोठ्या प्रमाणावर बाहेर पडल्या आणि मार्च १९६४ पर्यंत हा ओघ चालू होता. थैलीच्या कापडाला लागून बसलेल्या नाण्यांवर गंधकाने दशकानुदशकं काम केलं होतं. म्हणूनच रंगीत मॉर्गन डॉलर इतके दिसतात, आणि म्हणूनच ‘थैलीतला रंग’ ही सबब प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी तयार असते.

पण थैलीत नाणं कसं पडलेलं असतं याचा विचार करा. एक बाजू कापडाला लागलेली, दुसरी बाजू शेजारच्या नाण्यांवर दाबलेली. त्यामुळे खऱ्या थैलीच्या नाण्याची एक बाजू रंगाने भरलेली आणि दुसरी बरीचशी पांढरी, असंच चित्र बहुतेक वेळा असतं. काही नाण्यांवर तर कापडाच्या विणीची जाळीही उमटलेली दिसते. रंगातच उभे-आडवे धागे. एकदा ती जाळी भिंगातून पाहिलीत की विसरणार नाही. तुमच्या डॉलरच्या दोन्ही बाजू सारख्याच पेटलेल्या आहेत. मग थैली गेली. अल्बम म्हणावा तर रंग कडेपासून आत वर्तुळांनी यायला हवा होता, कारण पुठ्ठा कडेला असतो. कागदी पाकीट म्हणावं तर रंग असा तुकड्यातुकड्यांनी पडणं अवघड. गंधक कुठल्या दाराने आत आला, या प्रश्नाला हे नाणं उत्तर देत नाही. मला तरी हीच सगळ्यात मोठी खूण वाटते. नैसर्गिक रंगाला दिशा असते. तो कुठूनतरी निघून कुठेतरी चाललेला असतो.

आता गालावरच्या रेषा. थैलीत नाणी एकमेकांवर आपटून खाचा पडतात, त्या वेगळ्या. त्या कशाही, कुठल्याही दिशेने, कमी-जास्त खोल. बारीक, समांतर, एकाच दिशेने गेलेल्या रेषा म्हणजे नाणं घासलं गेलं आहे : बहुतेक वेळा कापडाने पुसताना, कधी अल्बमची पारदर्शक पट्टी ओढताना. आणि रंग त्या रेषांच्या आतही बाहेरच्यासारखाच आहे, हे तुम्ही स्वतः पाहिलंत. फार मोलाचं निरीक्षण आहे हे. रंग आधी आला असता आणि नाणं नंतर पुसलं गेलं असतं, तर रेषा रंगाला चिरत गेल्या असत्या आणि आतून उजळ चांदी दिसली असती. तुमच्या नाण्यावर क्रम उलटा आहे. आधी घासणं, मग रंग.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुसलेलं किंवा द्रावणात बुडवलेलं नाणं पुढे चाळीस-पन्नास वर्षं पाकिटात राहिलं तर त्याला पुन्हा आपोआप रंग चढतो, आणि त्यात कुणाची लबाडी नसते. तेव्हा रेषांवरचा रंग म्हणजे तो मुद्दाम चढवला, असा सरळ निष्कर्ष निघत नाही. पण तुमच्यापुरता तो वाद सोडवायचीही गरज नाही. रंग कसाही आला असो, त्याच्याखाली घासलेलं नाणं आहे. तिप्पट किंमत मूळ पृष्ठभागावर चढलेल्या रंगाची असते, घासलेल्या नाण्यावरच्या रंगाची नाही. विक्रेत्याला कळवताना रंगावर वाद घालू नका. ‘नाणं घासलेलं आहे, वर्णनात ते लिहिलेलं नव्हतं’ एवढंच लिहा आणि गालाचा जवळून काढलेला फोटो जोडा. रंगाबद्दल दोन मतं होऊ शकतात, रेषांबद्दल होत नाहीत.

परत करण्याआधी त्या नाण्याकडून एक गोष्ट मात्र शिकून घ्या. संध्याकाळी खोलीतले सगळे दिवे घालवा आणि एकच पिवळसर प्रकाशाचा टेबल-दिवा ठेवा. ट्यूबलाइट नको, तिचा प्रकाश सगळीकडून पसरून येतो. नाणं कडेने धरा, दिव्याखाली तिरकं करा आणि सावकाश फिरवा. साच्याच्या दाबाखाली चांदी मधून कडेकडे सरकते आणि तिच्यावर अतिसूक्ष्म रेषांचं जाळं राहतं. त्यामुळे न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. नैसर्गिक रंगाचा थर इतका पातळ असतो की हे आरे त्याच्या खालून, रंग घेऊन फिरतात. निळ्या भागातून आरा गेला की निळा लखलखतो, पुढे सोनेरी लखलखतो. तीव्र रसायनं किंवा जास्त उष्णता वापरून घाईने चढवलेल्या रंगाखाली बरेचदा हे फिरणं मेलेलं असतं. रंग झगझगीत असतो, पण तो जागच्या जागी बसलेला वाटतो, एखाद्या पापुद्र्यासारखा. हा फरक शब्दांत सांगून पुरत नाही. एक निर्विवाद न पुसलेलं पांढरं नाणं आणि तुमचा डॉलर शेजारी शेजारी धरून दहा मिनिटं फिरवा.

त्याच उजेडात अक्षरांच्या आणि ताऱ्यांच्या मुळाशीही बघा. खूप वर्षं हळूहळू रंगलेल्या नाण्यांवर उठावाच्या भोवती बरेचदा एक अरुंद फिकट कड राहते, जणू रंग अक्षराला वळसा घालून गेला आहे. मुद्दाम चढवलेला रंग पुष्कळदा उंच-सखल न बघता सगळ्यावरून सरळ ओढलेला असतो.

यातली कुठलीही एक खूण निकाल देत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. कारण साधं आहे : नैसर्गिक असो वा मुद्दाम केलेला, थर बहुतेक वेळा सिल्व्हर सल्फाइडचाच. पन्नास वर्षांत बसलेला आणि पन्नास तासांत बसवलेला थर रसायनशास्त्राला एकच. जो माणूस सावकाश, हलक्या वाफेवर काम करतो तो रंगांचा क्रमही बरोबर आणतो. त्यामुळे क्रम चुकला तर नाणं संशयात जातं, पण क्रम बरोबर असला म्हणून सुटत नाही. मुरलेल्या जाणकारांचीही एकाच नाण्यावर दोन मतं होतात. पीसीजीएस आणि एनजीसी या नाणी तपासून सीलबंद करणाऱ्या संस्था अशा नाण्यांना दर्जा द्यायला नकार देतात तेव्हा ‘हा रंग कृत्रिमच’ असा दावा करणं त्यांनाही दर वेळी शक्य नसतं. पीसीजीएसचा शेरा ‘क्वेश्चनेबल कलर’ म्हणजे ‘रंग शंकास्पद’ एवढाच असतो. मला तो शब्द फार योग्य वाटतो. एखाद्या नाण्यासाठी मोठी रक्कम मोजायची असेल तर ते आधीच तपासून सीलबंद झालेलं घ्या, निदान पुढची दोन-तीन वर्षं तरी.

माझ्या स्वतःच्या बाबतीत डोळे उघडले ते एका ट्रेमुळे. सुरुवातीच्या काळात मी एक मोरपंखी नाणं घेतलं होतं. डावीकडे निळं, मधे गुलबक्षी, उजवीकडे सोनेरी. क्रम बरोबर, चकाकी शाबूत, मी खूश. काही महिन्यांनी त्याच विक्रेत्याकडे एका ट्रेमध्ये सहा नाणी पाहिली. साल वेगळी, टांकसाळी वेगळ्या आणि सहाही डावीकडे निळी, मधे गुलबक्षी, उजवीकडे सोनेरी. वेगवेगळ्या ठिकाणी शंभर वर्षं काढलेली सहा नाणी एकाच दिशेने, एकाच मापाने रंगत नाहीत. माझं नाणं त्यातलंच सातवं होतं. तेव्हापासून एकटं नाणं बघून मी कधीच ठरवत नाही. विक्रेत्याची आधी विकलेली नाणी चाळतो. तुम्हीही या विक्रेत्याची जुनी यादी आज रात्री बघून घ्या.

फोटोवरून नाणं घेत असाल तर तिरकं करून फिरवतानाचा छोटा व्हिडिओ मागा. फोटोतला रंग सॉफ्टवेअरने हवा तेवढा वाढवता येतो. शिवाय थराचा रंग कोन बदलला की थोडा बदलतो, मावळतो, परत येतो. शाई किंवा रंगीत लाखेचा लेप असेल तर तो कुठल्याही कोनातून तसाच दिसतो. लेपाची शंका असली तर शुद्ध अॅसिटोनची काचेच्या वाटीत एक बुडी पुरते. सिल्व्हर सल्फाइडला अॅसिटोन काही करत नाही, पण लाख, शाई, प्लास्टिकचा चिकट हिरवा थर निघून येतो. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात. खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको, आणि नाणं चोळू नका. आणि हो, हा प्रयोग परत करायच्या नाण्यावर करू नका. ते जसं आलं तसंच जाऊ दे. त्याचं वजन मात्र करून ठेवा. मॉर्गन डॉलर २६.७३ ग्रॅमचा असतो. भडक रंगाखाली कधी कधी नाणंच नकली निघतं.

आता मामांचा अल्बम. तुम्ही ज्याला मळकट म्हणता ते ‘कडेने पिवळट-तांबूस’ हे शब्द मी दोनदा वाचले. पुठ्ठ्याच्या पानातल्या गोल खाचेत नाणं बसवलेलं असतं. पुठ्ठ्यातला गंधक कडेकडून आत शिरतो, म्हणून कडेला थर जाड आणि मधे पातळ. वर्षं गेली की कडेला निळं, त्याच्या आत जांभळं, त्याच्या आत तांबूस, मग सोनेरी, आणि मधे पांढरी चांदी अशी वर्तुळं तयार होतात. संग्राहक ज्या अल्बम-टोनिंगसाठी जीव टाकतात ते हेच. तुमच्याकडची नाणी या प्रवासाच्या पहिल्या टप्प्यावर आहेत. गंधक कुठल्या दाराने आला हे तिथे पान उघडताक्षणी दिसतंय, आणि इतक्या वर्षांचा साक्षीदार म्हणून मामा स्वतः आहेत. उजळवायचं द्रावण हा थर काढतं आणि सोबत चांदीचा एक सूक्ष्म पदरही काढून नेतं. दोन-तीनदा असं झालं की मघाशी सांगितलेले फिरणारे आरेही जातात. मग नाणं पांढरं असतं, पण मेलेलं.

आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, दोन्ही बाजूंनी, तिरक्या उजेडात. मामांना विचारून लिहून ठेवा की अल्बम कधी घेतला, कुठे ठेवला होता, नाणी त्यात कधी घातली. मग ठरवा. रंग आवडतो आहे तिथेच थांबवायचा असेल तर नाणी काढून पीव्हीसी नसलेल्या, रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय प्लास्टिकच्या धारकात ठेवा, सोबत सिलिका जेल. अल्बममध्येच राहू दिलीत तर थर वाढत राहील. काहींना त्यातून सुंदर निळं येईल, काही थेट राखाडीकडे जातील, आणि कुठलं नाणं कुठे जाईल ते आधी सांगता येत नाही. माझा स्वतःचा कल थांबवण्याकडे आहे. अल्बम मात्र टाकू नका, रिकामा का होईना, नाण्यांसोबत राहू दे. धारकांच्या गठ्ठ्याला रबरबँड लावू नका. रबरात गंधक असतो आणि त्याची सरळ काळी रेघ चांदीवर कायमची बसते.

नाणी काढताना एक काळजी घ्या. अल्बमच्या खाचांवर पारदर्शक पट्टी सरकवलेली असेल तर ती ओढताना नाण्याच्या सगळ्यात उंच भागाला, म्हणजे चेहऱ्याच्या गालाला, घासत जाते आणि तिथे बारीक समांतर ओरखडे उठतात. पान टेबलावर सपाट ठेवा, पट्टी किंचित वर उचलून धरा, खालून पानाला आधार द्या आणि एका वेळी एकाच नाण्यापुरती सरकवा. घाई वाटली तर त्या दिवसापुरतं तिथेच थांबा.

पानांचे फोटो काढून झाले की त्यातला ज्याच्या कडेला सगळ्यात गडद तांबूस दिसतं आहे त्या नाण्याचा एक फोटो मला पाठवा. तांबूसच्या बाहेर, अगदी काठाला चिकटून, जांभळी रेघ सुरू झाली आहे का, ते मला बघायचं आहे.